तळ्याकाठचा बुधवार

माझी सुट्टी बुधवारी असते. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी रोजच मळतात, त्यामुळे रविवारचं कौतुक आम्हाला नाही. सुट्ट्या वाटून दिल्या तेव्हा माझ्या वाट्याला बुधवार आला आणि गेली चार वर्षं बुधवार म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. म्हणजे घर सोडून गेला. वायरमन होता. दुसऱ्या शहरात सहा महिन्यांचं काम निघालं म्हणून गेला आणि तिथल्याच एका बाईबरोबर राहू लागला. एके दिवशी फोन करून म्हणाला, "माझी वाट बघू नकोस." मी फोन ठेवला आणि आत जाऊन आईंना सांगितलं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या खिडकीपाशी शर्टाला काजं करत बसल्या होत्या. शिंप्यांकडची काजं-बटणं करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी सुई शर्टात टोचून ठेवली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तो गेला तर गेला. मी कुठेही जात नाही."

मला माहेर म्हणावं असं उरलेलं नाही. भाऊ आहे, पण त्याच्या घरी मी पाहुणी. तेव्हा दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहिलो आणि खरं सांगते, बरं चाललं होतं आमचं.

तर त्या बुधवारी मी उठले तेव्हा आई तयार होऊन बसल्या होत्या. एरवी त्यांना बाहेर काढायचं म्हणजे मिनतवाऱ्या कराव्या लागतात. त्या दिवशी पावाला लोणी लावून झालं होतं, अंडी उकडलेली होती, काकडी चिरलेली होती, थर्मासात चहा भरलेला होता.

"आज तळ्यावर जायचं," त्या म्हणाल्या.

"आणि गुडघा?"

"त्याला विचारलंय. हो म्हणाला."

तळं बसच्या शेवटच्या स्टॉपपासून दहा मिनिटांवर आहे. आईंबरोबर अर्धा तास लागतो, कारण त्यांना वाटेतलं सगळं बघायचं असतं. मुंग्या एका फुलपाखराचा पंख उभा धरून नेत होत्या. तो वाऱ्याने आडवा व्हायचा, मुंग्या पुन्हा उभा करायच्या. आई छत्रीवर भार देऊन तिथेच उभ्या. "बघ तरी, शिडाची होडीच निघालीये." पंख भिंतीच्या फटीत जाईपर्यंत आम्ही जागच्या हललो नाही.

तळ्याच्या अलीकडे एक तुतीचं झाड आहे. त्या दिवशी ते असं लगडलं होतं की खालची माती जांभळी झालेली. आईंनी छत्रीच्या मुठीने फांदी खाली ओढली आणि आम्ही दोघी उभ्या उभ्या तुती खात सुटलो. पिकलेली तुती तोंडात टाकेपर्यंत बोटांतच फुटायची.

"जीभ दाखव," आई म्हणाल्या.

मी दाखवली. मग त्यांनी त्यांची दाखवली. रस्त्याने एक बाई चालली होती, तिने आमच्याकडे असं बघितलं की आम्हाला हसू आवरेना.

तळ्याकाठी आमचं एक बाक आहे. समोर बदकं होती. सगळ्यात पुढे एक जाडी बदकीण मान ताठ करून चाललेली आणि मागे सात पिल्लं. एक पिल्लू जरा बाजूला गेलं, तर ती लगेच मागे वळून ओरडली.

"ही तुमची सुपरवायझर," आई म्हणाल्या. "बघ, लेटमार्क लावला त्याला."

मला ठसकाच लागला. अंड्याचा घास नाकात गेला. आमची सुपरवायझर खरंच तशी चालते. आईंनी पाठीवर थापट्या मारल्या, चहा दिला, आणि मी निवांत झाल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही. हसतेस तेव्हा बरी दिसतेस."

बाकाच्या पलीकडे गळवाले काका बसतात. पोस्टातून निवृत्त झालेले. चार वर्षांत आम्ही त्यांना एकही मासा पकडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा गळ खाली ओढला गेला. काका इतके गडबडले की टोपी पाण्यात पडली. तळहाताएवढा चकचकीत मासा वर आला आणि आईंनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. काकांनी मासा आम्हाला जवळून दाखवला, मग अलगद गळातून सोडवून पुन्हा पाण्यात टाकला.

"एवढासा घरी नेला तर बायको आठवडाभर हसेल," ते म्हणाले. "तुमचा पायगुण हो, ताई. पुढच्या बुधवारी नक्की या, मोठा लागतोय."

"बघू," आई म्हणाल्या आणि थर्मासाचं झाकण लावू लागल्या. ते आट्यांत वाकडं अडकलं होतं, तरी त्या फिरवतच होत्या.

काका टोपी काढायला काठाकडे गेले. मी म्हटलं, "बघू काय, आई? मला सुट्टी आहेच की."

"मी शनिवारी जातेय गं."

"कुठे?"

"त्याच्याकडे."

मला आधी कळलंच नाही कोणाकडे. मग कळलं.

"मुलगी झालीये त्याला," आई पाण्याकडे बघत बोलत होत्या. "पाच आठवडे झाले. सातव्यातच झाली. दीड किलोसुद्धा नव्हती. आता घरी आणलंय, पण तिची आई अंथरुणातून उठत नाही. तिच्या मागेपुढे कोणी नाही. तो दिवसभर कामावर. रडत होता फोनवर."

"फोन कधी आला?"

"पंधरा दिवस झाले. तू कामावर होतीस."

"पंधरा दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात."

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, मी कुठेही जात नाही."

"म्हणाले होते."

त्या एकही गोष्ट नाकारत नव्हत्या, त्याचाच मला राग आला. मी म्हणाले, "चार वर्षं माझ्या अन्नावर राहिलात आणि आता त्याला गरज पडली म्हणून निघालात."

माझ्याच तोंडून गेलं ते. आईंनी मान खाली घातली. "राहिले खरी," त्या म्हणाल्या.

मी उठले आणि तळ्याच्या कडेने चालत सुटले. कुठे जातेय ते कळत नव्हतं. खरी गोष्ट अशी की आमचंही एक बाळ होतं. सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा दीड महिना आईंनी मला पलंगावरून उठू दिलं नव्हतं. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, मध्येच गप्प बसून नुसता पाय चेपणं, सगळं त्यांनी केलं. नवऱ्याला तेव्हा खोलीत यायचा धीर होत नव्हता. त्यामुळे आईंचे हात तिथे काय करतील हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. जाऊ नका म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. तेच हात आता त्या बाईच्या डोक्यावरून फिरणार, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

अर्ध्या तळ्याला वळसा घातल्यावर मागे बघितलं. पलीकडच्या काठावर आई चपला काढून उठायला धडपडत होत्या आणि गुडघा त्यांना उठू देत नव्हता. मी धावतच परत आले.

"काय करताय? पडाल ना!"

"पाण्यात पाय घालायचे होते. चार वर्षं नुसतं बाकावरून बघितलं."

मी त्यांना कमरेला धरून काठावर नेलं, कपडे गुडघ्यापर्यंत वर केले, आणि आम्ही दगडावर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी चांगलंच गार होतं. थोड्या वेळाने बारीक बारीक मासे आले आणि आईंच्या अंगठ्याला टोचू लागले. आई किंचाळल्या आणि हसायला लागल्या. सत्तरीची बाई, पण अगदी शाळेतल्या मुलीसारखं खिदळणं. आणि हसता हसताच त्यांचा आवाज फिरला. मी त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. मला मगाशी बोलल्याबद्दल माफी मागायची होती.

"परत याल?" मी विचारलं.

"खोटं बोलू?"

"बोला."

"येईन," त्या म्हणाल्या.

उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो. पायांची बोटं सुरकुतून गेली होती.

गुरुवारी मी नवजात बाळांच्या वॉर्डात चादरी पोचवायला गेले, तेव्हा तिथल्या वयस्कर नर्सला विचारलं, दीड किलोच्या बाळाला घरी कसं सांभाळायचं. तिने सगळं नीट सांगितलं. उघड्या छातीशी धरून ठेवायचं, डोक्याला टोपी, दर दोन तासांनी चमच्याने दूध, घाई करायची नाही. मी ते कागदावर लिहून घेतलं.

"तुझं कोण?" नर्सने विचारलं.

"नात्यातली आहे," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी मी आईंना बसमध्ये बसवलं. बॅग वर ठेवली, गुडघ्याचं मलम हाताशी दिलं आणि तो कागद त्यांच्या पर्समध्ये घातला. त्यांनी तो काढून वाचला. चष्मा धुरकट झाला म्हणून पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरा, गाडी सुटतेय." मी उतरले. बस वळेपर्यंत खिडकीतून त्यांचा हात दिसत होता.

बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"शंभर ग्रॅम वाढली," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण कामात असल्यावर असतो तसा ताठ. "त्या नर्सला सांग."

"सांगते."

मागे बारीकसं रडणं सुरू झालं. दाराची बिजागरी करकरावी तसं.

"ऐकू येतंय?" आईंनी विचारलं.

"येतंय."

तिकडे कोणीतरी बाईमाणूस अशक्त आवाजात म्हणालं, "आई, जरा येता का?" आणि आई मला घाईघाईने म्हणाल्या, "जेवलीस ना गं?"

"जेवले," मी म्हटलं. जेवले नव्हते. "तुम्ही जा. ती बोलावतेय."