उजवीकडचा पट्टा

वैमानिक फाटकापाशी पोहोचला, तेव्हा त्याच्या बायकोला टेबलावर त्याचा काळा चष्मा दिसला. उन्हात उडायचं आणि चष्मा घरी ठेवून निघाला शहाणा. ती तशीच ओल्या हातांनी दारापर्यंत धावली. "अहो, थांबा जरा. चष्मा राहिला."

तो वळून हसला. "हळू बोल. आईनं ऐकलं तर माझ्याआधी तुझंच विमान उडेल."

आईनं ऐकलंच होतं. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा त्या घरचा कायदा. भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "शिकलेल्या ना तुम्ही. तुम्हाला कोण सांगणार?" बोलणं रोजचंच. सुनेनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं आणि ती सहा वर्षांच्या चिमीची वेणी घालायला बसली.

दुपारच्या आत बातमी आली. टेकडीवरच्या तळावर हेलिकॉप्टर जमिनीपासून जेमतेम उचललं गेलं आणि उजव्या अंगावर उलथलं. मागे बसलेल्या पाहुण्याचा हात मोडला. वैमानिक जागीच गेला.

माणूस गेला की घर रडतं. पण या घराला रडण्याआधी गुन्हेगार सापडला. "हिनं मागून हाक मारली. या कानांनी ऐकलं मी." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई हेच सांगत, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं माना हलवून चहा पिऊन जात. कुणी पायरीवर पुटपुटे, पांढऱ्या पायाची. कुणी म्हणे, नशीब एकेकाचं. ही सगळी बोलणी दारामागे उभी राहून चिमी ऐकत होती, याची कुणाला शुद्ध नव्हती.

मग सासूबाईंनी निकाल सांगितला. सुनेनं आपल्या भावाकडे जावं. चिमी इथेच राहील. "माझ्या थोरल्याची तेवढीच खूण उरलीय. ती तुझ्या सावलीत नको."

सून भांडली नाही. एवढंच म्हणाली, "चौकशी चालू आहे. यंत्र कशानं उलटलं ते कळू दे, मग बोला." पोर जवळ राहणार की जाणार, हे तिच्या लेखी आता त्या चौकशीवर होतं. खरं कारण कळलं की खोटं आपोआप गळून पडेल, अशी तिची भाबडी समजूत. शिकलेली होती ना!

धाकटा दीर त्याच तळावर मदतनीस होता. हेलिकॉप्टर बांधणं-सोडणं त्याचं काम. अपघातापासून त्याची दातखीळ बसल्यासारखी झाली होती. जेवायला बसायचा आणि ताटाकडे बघत राहायचा. भावाचं दुःख, असं सासूबाई म्हणायच्या.

एके दिवशी तपासनीस घरी आला. उतारवयाचा, टकला, खुर्चीच्या कडेवर टेकणारा माणूस. अहवाल छापण्याआधी घरच्यांना समोर बसून सांगायचं, अशी त्याची रीत होती.

"इंजिनात खोट नव्हती," तो म्हणाला. "टेकडीवर वारा फार. म्हणून हेलिकॉप्टरच्या खालच्या दोन दांड्या पट्ट्यांनी जमिनीतल्या कड्यांना बांधलेल्या असतात. वैमानिक आत बसला, इंजिन सुरू झालं की पट्टे सोडायचे. त्या दिवशी डावा सुटला. उजवा राहिला. दांडीवर पट्टा घासल्याची खूण आहे, आणि कडी सिमेंटसकट उपटून आलीय."

"एका पट्ट्यानं एवढं मोठं यंत्र उलटतं?" सुनेनं विचारलं.

त्यानं चहाच्या ट्रेमधले कप बाजूला काढले. "आजी, ही कड जरा दाबून धरा." सासूबाईंनी दाबली. त्यानं ट्रे उचलायला घेतला, तशी दुसरी बाजू वर आली, ट्रे तिरपा झाला आणि चमचे घसरत सासूबाईंच्या मांडीवर पडले. "जितकं जोरात उचलावं, तितकं लवकर कलंडतं," तो म्हणाला. "आत बसलेल्याला खालची दांडी दिसत नाही. म्हणून पूर्वी मदतनीस समोर येऊन दोन्ही पट्टे हातात उंच धरून दाखवायचा. तळाच्या मालकानं ते बंद केलं. पाहुणे घाबरतात म्हणे, हे काय, गाढव सोडल्यासारखं. दोन माणसांचं काम एकावर टाकलं. त्या दिवशी पाहुणा लवकर आला आणि सगळी घाई झाली. माझ्या अहवालात दोष मालकाचा आहे."

सुनेच्या छातीवरचा धोंडा उतरला. "मग माझ्या हाकेमुळे नाही ना?"

"कसली हाक?" तिनं सांगितलं. "बाई, हाकेनं पट्टा बांधलेला राहत नाही."

सासूबाईंचं लक्ष मात्र धाकट्याकडे होतं. तो मान खाली घालून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. पट्टे सोडणारा कोण, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एक मुलगा दुसऱ्याच्या हातून गेला, हे मानायचं तर दोन्ही मुलगे गेले. सुनेला त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं दिसलं, आणि तिला त्यांची खरोखर दया आली.

"पट्टा राहिला असेल, साहेब," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "पण रोज सुटतो तो त्याच दिवशी का राहिला? माझ्या पोराच्या डोळ्यांवर झापड कुणी आणली?"

तपासनीस पुन्हा मालकाबद्दल, घाईबद्दल बोलू लागला. पालथ्या घड्यावर पाणी. सून दिराकडे वळली. "भाऊजी, तुम्ही तरी बोला. तुम्हाला मी दोष देत नाही."

त्यानं वर बघितलं, ओठ हलले. मग आईकडे बघितलं. "वहिनी, मला काही आठवत नाही," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

जाताना तपासनीस दारात थांबला. "कायद्यानं मूल तुमचं आहे. कुणी अडवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चिमीचे कपडे पिशवीत भरले. पोरीला सोडून ती जाणार नव्हती, आणि तसं तिनं सासूबाईंना तोंडावर सांगितलं. नवल म्हणजे त्यांनी वाट अडवली नाही. चिमीनंच हात सोडवून घेतला.

"मी आजीजवळ राहते."

"का गं?"

"तू मागून बोललीस की माणूस मरतो."

आई पायरीवर बसली. काय सांगणार? दांडी, कडी, ट्रे? ती म्हणाली, "बरं. मग मी पुढे चालते. तू माझ्या मागून ये. मी मागे राहणारच नाही, म्हणजे झालं."

ती पिशवी घेऊन फाटकापर्यंत सावकाश चालत गेली. तिथे उभी राहिली. मागून पावलं वाजली नाहीत.

यंत्र कशानं उलटलं, त्याचा तपास लागला. पण वाचकहो, त्या घरी आपणही गेलो असू, चहा घेतला असेल, मान हलवली असेल. त्या वेळी एकानं जरी मोठ्यानं म्हटलं असतं की हे खोटं आहे, तर दारामागच्या पोरीनं तेही ऐकलं असतं.