पाहुण्यांचे मासे

नेइदेने फ्रीजरमधून दोन पिशव्या काढून टेबलावर ठेवल्या. एक निळ्या दोरीने बांधलेली, दुसरी नुसतीच गाठ मारलेली. दोन्हींत बोय मासेच, बाबांनी अंथरूण धरण्यापूर्वी पकडलेले.

दारात डॉक्टर इवोनी बर्फाची पेटी घेऊन उभ्या होत्या. नदीतला गाळ आणि मासे तपासायला न्यायला त्या बावीस वर्षं दर मे महिन्यात येत.

“बाबा गेल्याचं परवा कळलं गं.” त्यांनी तिचे हात धरले. “काय झालं होतं?”

“यकृत. आईचंही तेच.”

शेजारची झुल्मिरामावशी चुलीपाशी कॉफी गाळत होती.

“बाईंचे मासे बाजूला काढलेत, कुणी हात लावायचा नाही, म्हणे! मरायला टेकला तरी वाल्दोमिरोचा तोरा गेला नाही.”

डॉक्टरांनी टेबलावर आलेख उलगडला.

“गाळातलं विष आहे तेवढंच आहे, पण मासे बघ, वर्षागणिक स्वच्छ. पुढच्या महिन्यात धक्क्यावरची ‘मासे खाऊ नका’ ही पाटी निघेल. कारखान्यालाही गाळ उपसावा लागणार नाही. तुझ्या बाबांमुळे कळलं हे.”

उतरत्या रेषेवरून नेइदेने बोट फिरवलं.

पहिल्या वर्षी बाबांना वाटलं होतं, बाई मासे खायला नेतात. कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाखालचा, तेलाचा वास मारणारा मासा पाहुण्याला कसा द्यायचा? ते दोन तास वल्हवत खाडीच्या तोंडाशी गेले आणि तिथले स्वच्छ मासे आणून दिले. बाई मासे तपासायला नेतात हे कळेपर्यंत चार वर्षं उलटली होती. मग सांगायची लाज वाटली; दर वर्षी ते आणखी लांबचे, आणखी चांगले आणून देत राहिले. नळाखालचे घरी शिजत. आई डोकीसुद्धा टाकत नसे. डोक्यांच्या रश्श्यात मानियोकच्या कंदाचं पीठ घोटायची.

“नळाखालचेच ना?” लेबल लिहिता लिहिता डॉक्टरांनी विचारलं. ह्या प्रश्नावर बाबा दर वर्षी नुसती होकारार्थी मान हलवत.

नेइदेचं बोट निळ्या दोरीत गुंतलं होतं. ते तिने सोडवून घेतलं. दुसरी पिशवी उचलून बर्फात ठेवली.

“हो. नळाखालचेच.”

“अगं, दोरीवाली बाईंची!” मावशी ओरडली. “ते घरचे आहेत!”

“असू दे, मावशी. बाईंना एकदा घरचे मिळू देत.”

डॉक्टरांचे डोळे भरून आले.

“अगदी बाबांवर गेलीस,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेटीचं झाकण लावलं.