आपल्याच घराचा चुरा

गोव्यातल्या मुळगावच्या मधुकरासारखा हट्टी माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. जन्मभर खाणीवर ट्रक चालवला, रस्त्याकडेला जागा घेतली, आणि ती निघाली निव्वळ चिकण मातीची. पावसात फुगणार, उन्हात तडकणार. असल्या जमिनीवर घर बांधायचं म्हणजे म्हशीच्या पाठीवर चूल मांडायची!

पण बायकोसाठी, वत्सलासाठी, घर हवंच होतं. जुनं घर खाणीच्या वाटेवर. धूळ खाऊन खाऊन तिचा खोकला काही केल्या हटेना.

पुतण्या रुद्रेश साखळी शहरात इंजिनिअर. तो म्हणाला, "काका, पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट बारीक करून मिळतं. ते ह्या मातीत मिसळून रोलरने दाबूया. मग माती फुगत नाही."

"कोणाच्या इमारतीचं?"

"कोणाच्या का असेना!"

"वा रे वा! कोणाचा तरी मोडलेला संसार माझ्या पायाखाली? आमका नको. घालायचंच तर आमच्या जुन्या घराचं घालू. वाडवडलांचा आशीर्वाद तरी राहील."

रुद्रेशने कपाळाला हात लावला. "बरं, भिंती जांभ्या चिऱ्याच्या ना? चिऱ्याचा चुरा कसाबसा चालेल. मातीच्या असतील तर मुळीच नको. मातीत माती घालून काय होणार?"

"चिऱ्याच्याच रे! अस्सल."

कसलं अस्सल आणि कसलं काय! दर्शनी भिंत तेवढी चिऱ्याची. मागचं सगळं मातीचं, वर चुन्याचा गिलावा. पण सोयरिकीला आलेल्या माणसांपासून सगळ्यांना त्याने आमचं घर चिऱ्याचं म्हणूनच सांगितलेलं. आता पुतण्यासमोर जीभ कशी वळणार? वत्सला दारात उभी राहून ऐकत होती. नवऱ्याला तोंडावर खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

जुनं घर पाडलं. दोघं शेजारच्या कमलाक्षीच्या मागच्या खोलीत राहायला गेली. चिराही तांबडा, मातीही तांबडी. काकाच्या शब्दावर रुद्रेशने ढीग तपासलासुद्धा नाही, गाढव कुठला! चुरा मिसळला, रोलर फिरला, वर घर उभं राहिलं. तुळशीचं लग्न झालं की राहायला जायचं ठरलं.

पावसाळ्यात जमीन फुगली, मग उन्हाने आक्रसली. चौकटी तिरक्या झाल्या, जनेलं, म्हणजे खिडक्या, मिटेनात, स्वयंपाकघराची भिंत हात आत जाईल एवढी फाटली. रुद्रेशने पायाशी खणून मूठभर चुरा पाण्यात टाकला. पाणी लाल झालं आणि तळाशी चिखल बसला.

"काका, ही तर मातीच."

मधुकराने मान वर केली नाही. "आता काय करायचं?"

"सगळं उतरवून पायापासून नवं बांधायचं. ह्यात मात्र राहू नका, भिंत अंगावर येईल."

नवं बांधायला आता होतं काय त्याच्याकडे? ना पैसा, ना अंगात बळ.

तो खोलीवर आला तेव्हा वत्सला नव्या घरात न्यायची भांडी फडक्यात बांधत होती. त्याने सगळं सांगितलं. "वत्सला, माझ्या फुशारकीने घर खाल्लं गे," म्हणाला आणि मटकन खाली बसला. लाजेने त्याला तिच्याकडे बघवेना.

"जाऊ दे ते," ती म्हणाली. "जिवाला लावून घेऊ नका. धूळ तर धूळ, खोकला तर खोकला. आपण जाऊया आपल्या जुन्या घरी..."

आणि ती थांबली. तोंडावर पदर दाबून ढसाढसा रडायला लागली.

इतक्यात पुढच्या दारातून कमलाक्षीने हाक मारली. भांडी न्यायला टेम्पो कधी येणार, असं ती विचारत होती.