शेंगाचटणीचं गाणं

ती रेकॉर्ड शहात्तर साली सोलापुरात आली. कोणत्या देशाची, कोणी म्हटलेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्थ तर मुळीच नाही. मग गाजायला अडचण काय? तीन वर्षांत तिच्यावर वराती नाचल्या, बारशी झाली, एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटनही झालं. माणसं गेली, गाणं काही जायचं नाव घेईना.

गेलेल्यांत दाक्षायणी होती. चादरीच्या कारखान्यात माग चालवणाऱ्या गुरप्पाची बायको. गाण्यातल्या 'शेक ॲण्ड टर्न इट'च्या जागी तिला 'शेंगाचटणी' ऐकू आलं होतं. त्याच ठेक्यावर ती उखळात शेंगदाणे कुटायची. गल्लीने ते उचललं, मग पेठेने. ती जाऊन तीन महिने झाले, तरी गाणं कानावर पडलं की गुरप्पाच्या घशाखाली घास उतरत नसे.

शेजारच्या महिपतीच्या मुलीचं लग्न निघालं, तसा गुरप्पा स्पीकरवाल्या इसूफकडे गेला.

"इसूफ, तेवढं गाणं लावू नगंस."

"काका, ते नाही लावलं तर नवरदेव बोहल्यावर चढायचा नाही. पण तुमच्यासाठी नाही लावत. जबान दिली."

जबान दुपारच्या पंगतीपर्यंत टिकली. वऱ्हाडाने गिल्ला केला. इसूफने गुरप्पाकडे बघून हात जोडले आणि सुई टेकवली.

"शेंगाचटणी!" मांडव ओरडला. गुरप्पा भरल्या पानावरून उठला.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा, सिद्धलिंगप्पा मास्तर, रेकॉर्ड थांबवून माईकपाशी आले. ते इंग्रजी शिकवत. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना जेवण गोड लागे.

"काय हा अडाणीपणा! शेक ॲण्ड टर्न इट. म्हणजे हलवा आणि फिरवा. म्हणा!"

मांडवाने शाळेतल्यासारखं म्हटलं. एवढं शहाणं सोलापूर गुरप्पाने कधी पाहिलं नव्हतं. आणखी दोनदा म्हटलं असतं, तर दाक्षायणीची चूक कायमची दुरुस्त झाली असती. मग तिचं उरलं काय असतं? तो निघाला होता दाराकडे, पोचला माईकपाशी.

"मास्तर, बसा खाली. ते शेंगाचटणीच हाय."

"अहो, मी बी.ए. आहे!"

"असाल की. पर तुमी कदी कुटली न्हाय. माझ्या बायकूनं कुटलीया."

मांडव हसला. इसूफने न सांगता सुई ठेवली. गुरप्पा सगळ्यांच्या आधी ओरडला, फाटक्या आवाजात, ठेका सोडून. महिपतीला वाटलं, गडी दुपारीच ढोसून आलाय. त्याने घाईघाईने ताकाचा तांब्या पाठवला. गुरप्पाने तो तोंडाला लावून रिकामा केला, मिशी पुसली आणि म्हणाला, "इसूफ, पुन्ना लाव."