धान मिलचा नंबर

मित्रांनो, तडकलेल्या काचेचा, पाठीला रबर बांधलेला मी एक जुना मोबाइल आहे. कामठ्याच्या गोमतीबाईंच्या बटव्यात माझी हयात गेली. सुपारीचा वास अजून माझ्या अंगाला आहे.

त्यांची लेक रविता हिने स्वतःच्या मनाने लग्न केलं. थोरला मुलगा ओमेश्वर भडकला. "दिसली ना, तं तंगड्या तोडीन," म्हणाला. रविता कुठे राहते हे तिने आईलाही सांगितलं नाही. आईजवळ होता फक्त तिचा नंबर, माझ्यात 'धान मिल' या नावाने ठेवलेला. ओमेश्वर घरात असला की बाई खणखणीत आवाजात विचारायच्या, "मिलवाले भाऊ, धान निसवलं का?" वरून धानाला लोंब्या आल्या का, आतून दिवस गेले का! एकदा पलीकडून हळूच उत्तर आलं, "निसवलं, माय." त्या दिवशी बाईंनी मला पदराने इतकं पुसलं, की मलाच लाजल्यासारखं झालं.

पण नुसत्या आवाजाने आईचं मन भरतं थोडंच? त्यांना लेकीचं तोंड पाहायचं होतं. शेजारच्या रुचिकाला म्हणाल्या, "ते फोटोवालं टाकून दे व माह्या फोनात." ॲप आलं आणि त्याने गोड विचारलं, तुमच्याकडचे नंबर पाहून ओळखीची माणसं शोधू का?

"हो म्हणा काकी, सगळेच म्हणतात," रुचिका बोलली. बाईंनी 'हो' दाबलं.

रविताने तिथे नाव बदललं होतं, पण खातं त्याच नंबरावर होतं. ॲपने जुळवून टाकलं. दुपारी ओमेश्वरने हवामान पाहायला मला उचललं, तर ॲपवर समोर रविताचा फोटो! पोट वाढलेलं, मागे नवऱ्याच्या दुकानाची पाटी, गावाच्या नावासकट. "कुठी आहे ते समजलं आता," म्हणत त्याने गाडी काढली.

बाईंनी लगेच धान मिलला फोन लावला. "निघ तिथून, माय! दादा येऊन राहिला!"

दुकानाला कुलूप पाहून ओमेश्वर परतला. लेक वाचली, पण तिने नंबर बंद केला.

मित्रांनो, कुणी ओळखीची माणसं शोधून देतो म्हणालं, तर बोट जरा थांबवा. तुमच्या फोनातले नंबर लोकांनी विश्वासाने दिलेले असतात. एखाद्याला सापडायचं नसेल, तर त्याला सापडू देऊ नका.

आता मळणी आटोपली, रविताचे दिवस भरले असतील. बाई रोज धान मिलला फोन लावतात. हा नंबर अस्तित्वात नाही, असं सांगणारा आवाज संपेपर्यंत थांबतात. मग ओमेश्वर समोर बसलेला असला तरी विचारतात, "माय, पोरगा झाला का पोरगी?"