मालिनीताई घर बघायला जातात

मालिनीताईंना घर नको होतं. अमेरिकेत एडिसनमधल्या त्यांच्या घरात त्या आणि एकनाथराव कित्येक वर्षं सुखानं राहत होते. तरी महिन्यातून एखाद वेळा त्या चांगलासा कुर्ता घालून, पर्स खांद्याला लावून, कुणाचं तरी रिकामं घर बघायला निघायच्या.

हे काम त्यांना लायब्ररीतून रिटायर झाल्यावर सापडलं होतं. कुणाचा रंग, धर्म, देश, अपंगत्व, नाहीतर लहान मुलं बघून घर नाकारायचं नाही, असा इथला कायदा आहे. भाड्यानं देताना नाही, विकताना नाही, कर्ज देतानाही नाही. पण नकार देणारा खरं कारण थोडंच सांगतो? म्हणून तक्रार आली की एक संस्था त्या घरमालकाकडे दोन माणसं वेगवेगळी पाठवायची. नोकरी सारखी, पगार सारखा, रंग वेगळा. दोघांना काय उत्तर मिळालं ते मग ताडून बघायची. मालिनीताई अशांपैकी एक. नागपूरला कॉलेजात त्यांनी नाटकांत कामं केली होती, ती आता उपयोगी पडत होती.

"आज कोण आहेस तू?" गाडी काढता काढता एकनाथराव विचारायचे.

"आज माझा मुलगा आणि सून टेक्सासहून इकडे येणार आहेत. त्यांच्यासाठी घर बघतेय."

"वा! आपल्याला मुलगा झाला आणि मला पत्ताच नाही." पोटची मुलगी एकच, ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला.

त्या दिवशी घर शेजारच्या आयसेलिनला होतं. देशी दुकानांच्या ओक ट्री रोडपासून जवळच, सहा बिऱ्हाडांची जुनी बिल्डिंग. मालकानं दार उघडलं आणि मालिनीताईंचं आडनाव ऐकताच त्याचा चेहरा उजळला.

"अहो, मराठी का? मग इंग्रजीत काय बोलताय? या, या वहिनी!"

मालक मनोहर सत्तरीचे, मूळचे साताऱ्याचे. ते तळमजल्यावरच राहत. वरचं घर त्यांनी हौसेनं दाखवलं. कपाटं उघडून दाखवली, नळ सोडून दाखवले. मग खाली नेऊन बसवलं. त्यांच्या बायकोनं, सुवर्णाबाईंनी, विचारायची वाटही न बघता साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. चतुर्थी होती.

"सून काय करते?" सुवर्णाबाईंनी कौतुकानं विचारलं. मालिनीताईंनी नसलेल्या सुनेचं वर्णन केलं. ते करताना पहिल्यांदाच त्यांना कसंसं झालं.

"घर तुमचंच समजा," मनोहर म्हणाले. "गेल्या महिन्यापासून रिकामं ठेवलंय, पण आपलं माणूस मिळेपर्यंत द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मध्ये एक काळी बाई आली होती. हॉस्पिटलात नर्स, बोलायला चांगली. मी सांगितलं, घर गेलं. तसली माणसं कशाला बिल्डिंगमध्ये? काय वहिनी?"

ओट्याशी उभ्या सुवर्णाबाईंच्या हातातला डाव क्षणभर थांबला. मालिनीताईंना उलट बोलायची परवानगी नव्हती. संस्थेतल्या लोरेनचा नियम पक्का होता: वाद घालायचा नाही, शिकवायला जायचं नाही, काय घडलं तेवढंच लिहून द्यायचं. त्यांनी खिचडी संपवली, "कळवते" म्हटलं आणि निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि तशाच बसून राहिल्या. एकनाथराव चहा घेऊन आले.

"काय गं, नाटक पडलं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. एकनाथराव शेजारची खुर्ची ओढून बसले.

"घर दाखवलं, आजही रिकामं आहे म्हणाले, एवढं लिही की. तेवढ्यावरही केस उभी राहील. ते मराठीतलं बोलणं कशाला? आपला माणूस समजून बोलला बिचारा. तिथं दुसरं होतं तरी कोण ऐकायला?"

"मी होते."

एकनाथरावांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मला ती दोघं आवडली रे," मालिनीताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "खरंच आवडली. त्या बाईंनी मला परत परत वाढलं. पण ती नर्स घर गेलं असं ऐकून परत फिरली असेल, त्याच पायऱ्यांवरून. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसेल."

चहा गार होत होता. एकनाथरावांनी चष्मा चढवला.

"बरं. 'तसली'ला इंग्रजीत काय म्हणशील?"

"'दॅट काइंड'?"

"छे. त्यात नाक मुरडलेलं येत नाही. 'तसली' म्हणताना ओठ कसा वाकडा होतो बघ." त्यांनी करून दाखवलं. रडता रडता मालिनीताईंना हसू फुटलं. दोघांनी बराच वेळ झटापट केली. शेवटी मालिनीताईंनी तो शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला आणि त्याचा अर्थ दोन ओळींत समजावून दिला. सुवर्णाबाईंचा थांबलेला डावही त्यांनी लिहिला.

हिवाळा सरता सरता लोरेनचा फोन आला. कोर्टापर्यंत जायची वेळ आली नव्हती, तडजोड झाली होती. तक्रार करणाऱ्या त्या नर्सला ते घर मिळालं. मनोहरना कायद्याच्या वर्गाला बसावं लागलं आणि पुढची काही वर्षं घर कुणाकुणाला नाकारलं ते संस्थेला कळवावं लागणार होतं. "तुमचं निवेदन घरमालकांनी वाचलंय," लोरेन म्हणाली. मालिनीताईंनी फोन ठेवला. आनंद झाला होता, पण कुणाला सांगावासा वाटेना.

आणि मग एका शनिवारी, ओक ट्री रोडवरच्या वाण्याच्या दुकानात, कढीपत्ता निवडताना समोर सुवर्णाबाई उभ्या. पळायला जागा नव्हती.

"किती गोड बोललात आमच्याशी," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"ते खोटं नव्हतं. घर हवं होतं, ते खोटं होतं."

सुवर्णाबाई कढीपत्त्याच्या जुड्या उलटसुलट करत राहिल्या. "आली ती नर्स राहायला. तिची आई आहे बरोबर. म्हातारी जिन्यावर बसून फोनवर बोलते, मोठ्यानं हसते. खाली आम्हाला ऐकू येतं."

"बोलतात तुमच्याशी?"

"आई बोलते. मुलगी कामापुरतं. आणि का बोलावं तिनं?" त्यांनी आवाज खाली आणला. "मी तिला सॉरी म्हटलं. ह्यांच्या वतीनं नाही हं. माझ्या. ती आली होती त्या दिवशी मी होतेच की स्वयंपाकघरात. सगळं ऐकलं आणि भाजी चिरत बसले."

मालिनीताईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. सुवर्णाबाईंनी तो झटकला नाही.

"हे अजून तुमचं नाव काढू देत नाहीत."

"साहजिक आहे."

"मलाही राग होता."

"आता?"

सुवर्णाबाईंनी त्यातली एक ताजी जुडी निवडून मालिनीताईंच्या पिशवीत टाकली, एक स्वतःच्या.

"घरी या असं इतक्यात नाही म्हणता येणार," त्या म्हणाल्या. "पण मी दर शनिवारी असते इथं. अकराच्या सुमाराला."