यादीत आधी गोविंद

भोपाळच्या मराठी मंडळात एकांकिका-लेखनाचं पहिलं बक्षीस एका वर्षी नरहररावांना आणि पुढच्या वर्षी गोविंदरावांना, असं अठरा वर्षं बिनबोभाट चाललं होतं. यंदा शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी पोहे-जलेबी खाताना गोविंदरावच म्हणाले, पुरे आता, पोरांना लिहू दे. दोघांनी हातावर हात मारून शपथ घेतली. नरहररावांनी ती चार दिवस पाळली. पाचव्या दिवशी विषयच असा सुचला की शपथेचा नाइलाज झाला.

घरी लिहिलं तर बायको फोनवर गावभर करणार, म्हणून ते दुपारी मंडळाच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर लिहू लागले. पण फाइल कुठे ठेवली तेच रोज सापडेना. वाचनालय सांभाळणाऱ्या जुईने शेवटी लिहायच्या प्रोग्रॅममध्येच, म्हणजे एडिटरमध्येच, सोय करून दिली.

"काका, आता बस नाव टाका न् एंटर मारा. एडिटर सगळ्यांचे फोल्डर यादीप्रमाणे वरून खाली बघेल. त्या नावाची फाइल जिथे आधी मिळेल, ती उघडेल. टेन्शनच नाही."

दुसऱ्या दिवशी नरहररावांनी 'एकांकिका' टाइप केलं. उघडली ती भलतीच. जुईने यादी अक्षरांप्रमाणे लावलेली. 'ग' वर, 'न' खाली. म्हणजे 'मला माउससुद्धा धरता येत नाही रे' म्हणणाऱ्या गोविंदाचा इथे फोल्डर होता, आणि त्यात एकांकिका होती.

नरहररावांच्या पायाखालची जमीन सरकली. तीस वर्षं कारखान्यात एका टेबलावर डबा खाल्ला, आणि हा माणूस शपथ मोडतो? जाब विचारावा, तर तू तिथे काय टाइप करत होतास, असं तो उलट विचारणार. मग ते दात-ओठ खात वाचू लागले. तिसऱ्या पानावर थिजलेच. नायक होता कोलार रोडला राहणारा रिटायर्ड इंजिनिअर, कुलूप तीनदा ओढून बघणारा, वाक्यागणिक 'तांत्रिकदृष्ट्या' म्हणणारा.

"तांत्रिकदृष्ट्या मी असं कधीच बोलत नाही," ते स्क्रीनला म्हणाले.

आणि त्यांनी ते वाक्य दुरुस्त केलं. मग पुढचं. आपल्याला एवढं बावळट रंगवतो म्हणजे काय? आठ दुपारी खपून त्यांनी नायकाला शेवटी असं काही भाषण दिलं की लिहिताना त्यांचेच डोळे पाणावले. या नादात प्रवेशिकेची तारीख उलटली. त्यांची स्वतःची एकांकिका खालच्या फोल्डरमध्ये अर्धीच राहिली.

निकाल लागला. पहिले गोविंदराव. परीक्षक म्हणाले, सुरुवात बेताची, पण शेवटच्या भाषणाला तोड नाही. गोविंदराव माइकवर गहिवरले. ते भाषण कधी लिहिलं हे आठवतही नाही, म्हणाले, सरस्वतीच येऊन लिहून गेली असणार. सरस्वती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रम संपल्यावर गोविंदराव ढाल काखेत मारून आले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"नरहर, तू शब्द पाळलास. दगा मी दिला. मोठ्या मनाने माफ कर रे."

नरहररावांनी एकदा ढालीकडे पाहिलं, एकदा गोविंदाकडे. मग त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं.